यशाला नितकोर, चुकीला अख्खी भाकरी

पत्र, थोडक्यात:

मॅडम, मी जि. प. शाळेवर शिक्षिका आहे, बारा वर्षं झाली, पाचवी माझ्याकडे असते. गेल्या वर्षी नवोदयचे (सरकारी निवासी शाळेचे) सहा फॉर्म मी भरायला घेतले, पाच गेले, एक राहिला. त्या मुलाचं सर्टिफिकेट सही-शिक्क्यासाठी अडकलं होतं, मुख्याध्यापक ट्रेनिंगला होते, मला वाटलं आदल्या वर्षी तारीख वाढली तशी याही वेळी वाढेल. शेवटच्या रात्री घरून अपलोड केलं, पण फायनल सबमिट झालंच नव्हतं, ते दुसऱ्या दिवशी कळलं आणि तारीख काही वाढली नाही. (वडिलांना साईट बंद होती असं सांगितलं.) पाचातल्या एका मुलीचा नंबर लागला. ती हॉस्टेलला निघाली त्या दिवशी हा मुलगा मला म्हणाला, बाई, माझा पण लागला असता का हो? तेव्हापासून रात्री तीनला जाग येते ती येतेच. स्कॉलरशिपला माझ्या वर्गातली अकरापैकी चार मुलं लागली, त्याआधी सहा वर्षं शाळेचं कुणी लागलं नव्हतं, पण त्यात माझं काही नाही, मुलं मुळात हुशार, पेपर सोपा होता, आणि चौथीपर्यंत गुरुजींनी पाया पक्का केलेला. केंद्रात सत्कार होता, तब्येतीचं सांगून गेले नाही. यंदाची पाचवी मागून दुसऱ्या बाईंना दिली. मिस्टर म्हणतात विसरून जा. मी शिक्षिका म्हणून लायकच नाही असं वाटतं. खरं काय ते सांगा.

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना ओळी मोजल्या. इथे छापलंय ते थोडक्यात आहे, मूळ पत्र चार पानांचं, त्यातली तीन पानं त्या एका फॉर्मवर, शिक्का कधी मिळाला, रात्री किती वाजता नेट आलं, स्क्रीनवर काय दिसत होतं, सगळं तारीखवार. आणि चार मुलं शिष्यवृत्तीधारक झाली त्याला अडीच ओळी, त्यातलीही दीड ओळ त्यात तुमचं काहीच नाही हे सांगण्यात गेली. मला जे सांगायचंय ते सगळं या मोजणीतच आहे, पण खरं काय ते सांगा म्हणालात ना, म्हणून आधी कडू ते सांगते.

चूक झालीय. नवोदयची सहावीच्या प्रवेशाची परीक्षा मुलाला एकदाच देता येते, पाचवीत असताना, दुसऱ्यांदा बसता येत नाही, म्हणजे त्या मुलाची ती संधी गेली ती गेलीच. मिस्टर विसरून जा म्हणतात ते तुमच्यावरच्या मायेनं म्हणतात, पण ते तुम्हाला जमणार नाही आणि जमूही नये. तो मुलगा सहावीत आहे, रोज समोरून जातो, कसं विसराल? तुम्हाला वाईट वाटतंय ते बरोबर वाटतंय, ते घालवायचा प्रयत्न मी करणार नाहीये.

पण सबमिट राहिलं इथपासून मी लायकच नाही इथपर्यंत तुम्ही एका ढांगेत पोचलात, ती ढांग मला मान्य नाही.

तुम्ही बारा वर्षं मुलांच्या वर्णनात्मक नोंदी लिहिताय. आकारिक मूल्यमापनाच्या वेळी प्रत्येक पोराच्या नावापुढे विषयवार लिहायचं असतं, त्यात तुम्ही कधी कुणाला 'ढ' असं लिहिलंय का? नाही लिहीत. तुम्ही लिहिता, हातच्याची वजाबाकी करताना मधे शून्य आलं की गोंधळतो. कारण असं लिहिलं की पुढच्या आठवड्यात काय करून घ्यायचं ते तुमचं तुम्हालाच कळतं, शून्य असलेली दहा उदाहरणं द्यायची, दशकाच्या काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवायचे. 'ढ' लिहून पुढे काय करणार? काहीच करता येत नाही, पोरगंही तिथेच राहतं आणि तुम्हीही. आता स्वतःच्या नावापुढे तुम्ही काय लिहिलंय ते बघा. लायक नाही. बस, एवढंच. ही नोंद तुम्ही वर्गातल्या कुठल्याही पोराला लावली असती का हो?

तुमची नोंद मी लिहून बघते, चुकत असेल तर दुरुस्त करा. 'फॉर्मचं काम शेवटच्या दिवसापर्यंत ठेवते. मुदतवाढ मिळेल हे गृहीत धरते. सहाही मुलांची एकत्र यादी करून कुणाचं कुठपर्यंत आलंय ते लिहून ठेवत नाही. फायनल सबमिट झाल्याची प्रिंट काढल्याशिवाय काम झालं असं मानते.' वाचायला लागतं हे, मला माहीत आहे, लायक नाही यापेक्षा जास्त लागेल कदाचित, कारण हे नेमकं आहे. पण यातल्या एकेका वाक्याला उपाय आहे आणि तो उपाय एका पानावर मावतो.

न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी पद्धत मांडायला सुरुवात केली, आपल्याकडे तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात, तिच्यात हा मुद्दा अगदी मध्यभागी आहे. माणसाच्या वागण्याला चांगलं-वाईट म्हणा, कामाला मार्क द्या, पण अख्ख्या माणसाला एकच मार्क देऊ नका, माणूस म्हणजे एवढ्या असंख्य गोष्टी की त्यांची बेरीज करून एक आकडा काढताच येत नाही. आणि हे एलिस फक्त चुकीबद्दल म्हणत नव्हते, यशाबद्दलही म्हणत होते. चार मुलं लागली म्हणून तुम्ही थोर होत नाही. पण चार मुलं लागली हे काम मात्र झालंय, आणि ते कुणीतरी केलंय.

आता त्या अडीच ओळींकडे येते. पेपर सोपा होता म्हणता. ताई, तो पेपर काय फक्त तुमच्या शाळेला सोपा होता का? स्कॉलरशिपला नुसतं पास होऊन भागत नाही, गुणवत्ता यादी लागते, म्हणजे तुमची मुलं बाकीच्या मुलांच्या पुढे गेली तेव्हाच त्यांचं नाव आलं. पेपर सोपा असेल तर सगळ्यांनाच सोपा, सगळ्यांचेच मार्क वाढणार आणि यादीत येण्यासाठी लागणारे मार्कही वर जाणार, त्यामुळे सोप्या पेपरनं तुमच्या पोरांना पुढे नेलं हे गणितातच बसत नाही. मुलं मुळात हुशार होती म्हणता, असतीलच. आधीच्या सहा वर्षांत त्या गावात हुशार पोरं जन्मालाच आली नव्हती का? आणि गुरुजींनी पाया पक्का केला हे खरं, पण ते गुरुजी आधीही तिथेच होते ना.

मग त्या वर्षी वेगळं काय होतं? तुमच्याच पत्राच्या तिसऱ्या पानावर फॉर्मच्या रडगाण्यात एक वाक्य ओझरतं आलंय, 'सकाळी नऊचा जादा तास संपवून मी मुख्याध्यापकांकडे शिक्क्यासाठी गेले तर'. म्हणजे शाळा भरायच्या आधी तुम्ही रोज तास घेत होतात. पुढे एका ठिकाणी रविवारचे सराव पेपर आलेत, तेही फक्त त्या रविवारी तो मुलगा आला नव्हता हे सांगण्यासाठी. पहिला पेपर भाषा आणि गणित, दुसरा इंग्रजी आणि बुद्धिमत्ता, दोन्ही दीडदीडशे मार्कांचे, पाचवीतल्या पोराला एका दिवशी दोनदा तेवढा वेळ बसायची सवय नुसत्या हुशारीनं लागत नाही. ती लावावी लागते. काखेत कळसा घेऊन तुम्ही गावाला वळसा घालताय आणि वर म्हणताय कळसा माझा नाहीच.

असा विचार करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. अॅरन बेक नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी फिलाडेल्फियात १९६० च्या दशकात खचलेल्या पेशंटच्या मनात आपोआप येणारे विचार ऐकून ऐकून त्यातल्या ठराविक वाकड्या वाटा नोंदवल्या. त्यातली एक म्हणजे चूक असेल तर राईचा पर्वत आणि चांगलं काही असेल तर पर्वताची राई, दोन्ही एकाच वेळी, एकाच डोक्यात. मग १९७८ मध्ये पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघींनी अमेरिकेतल्या शिकलेल्या, मोठमोठ्या कामांवर असलेल्या बायकांबद्दल लिहिलं की यांना आपलं यश म्हणजे नशीब किंवा कुणाची तरी चूक वाटते, काही विद्यार्थिनींना तर निवड समितीच्या गफलतीमुळेच आपल्याला ॲडमिशन मिळाली असं वाटायचं. वाचलं तेव्हा मला हसू नाही आलं, समोर येऊन गेलेले कितीतरी चेहरे आठवले, कारण अगदी हेच मी वेगवेगळ्या शब्दांत ऐकत आलेय, नर्सकडून, बँकेतल्या मुलीकडून, आणि आता तुमच्याकडून.

एक काम करा. वहीच्या दोन पानांवर भाकरीएवढे दोन गोल काढा. पहिला गोल त्या फॉर्मचा. तो राहिला याला कोणकोणती कारणं होती ती सगळी लिहा आणि एकेकाला तुकडा द्या, अट एकच, स्वतःचा तुकडा सगळ्यात शेवटी काढायचा. मुख्याध्यापक ट्रेनिंगला गेले, शिक्का उशिरा मिळाला, चतकोर द्या. गावातलं नेट, नितकोर, म्हणजे चतकोराच्या अर्धी. शाळेच्या वेळात फॉर्म भरायला वेगळा वेळ कुणी दिला नव्हता, नितकोर. उरलं ते तुमचं. माझ्या हिशोबानं अर्धी भाकरी तुमच्या ताटात उरते आणि ती मी कमी करणार नाही, तारीख वाढेल हा अंदाज तुमचा होता आणि सबमिट झालं का ते बघायचं तुमच्याकडे होतं. पण अर्धी म्हणजे अर्धी. तुम्ही गेले कित्येक महिने अख्खी खाताय.

मग दुसरा गोल, स्कॉलरशिपचा, नियम तोच. मुलांची मेहनत, मोठा तुकडा द्या, अर्धी द्या हवं तर. गुरुजींचा पाया, आयांनी थंडीत पहाटे उठवून साडेआठला घराबाहेर काढलं ते, सगळ्यांना वाटा आणि शेवटी काय उरतंय ते बघा. मला खात्री आहे तुमचा हात तिथे थांबेल. शेवटचा तुकडाही कुणाला तरी देऊन टाकावासा वाटेल, कारण आपल्याला लहानपणापासून तेच शिकवलंय, कौतुक झालं की मान खाली घाल, दृष्ट लागते, चढून जाशील. मोठेपणा मिरवू नये हे मलाही मान्य आहे. पण मिरवणं वेगळं आणि हिशोबात खोटं लिहिणं वेगळं. ज्या मापानं चूक मोजलीत त्याच मापानं हेही मोजा, एवढंच मागणं आहे माझं. घेताना एक माप आणि देताना दुसरं असं करणाऱ्या दुकानदाराकडे तुम्ही किराणा भरला नसता.

आता कंसातल्या वाक्याबद्दल बोलू या. चार पानांत एकच वाक्य तुम्ही कंसात टाकलंय, वडिलांना साईट बंद होती असं सांगितलं. मला वाटतं रात्री तीनला जी जाग येते ती फॉर्मची जेवढी आहे त्यापेक्षा या कंसाची जास्त आहे. फॉर्म राहिला ती चूक एका रात्रीची होती, पण हे वाक्य तुम्ही रोज नव्यानं जपताय, तो मुलगा समोर आला की जपताय, त्याचे वडील बाजारात दिसले की रस्ता बदलून जपताय (हे तुम्ही लिहिलेलं नाही, माझा अंदाज आहे, चुकला असेल तर माफ करा). आणि कौतुक नकोसं का वाटतं त्याचंही मूळ इथेच असावं. सत्काराला उभं राहिलं आणि समोर ते वडील बसलेले असले तर, ही भीती. आपण लोकांना फसवतोय ही भावना पूर्णपणे काल्पनिक नाही हो ताई, तिच्यात हा एक खरा खडा आहे, आणि तो काढल्याशिवाय भाकरीचे गोल काढून फार उपयोग होणार नाही.

तेव्हा त्यांच्या घरी जा. फोन नको, शाळेतही बोलावू नका, संध्याकाळी घरी जा, एकट्या जा. जास्त प्रस्तावना करू नका, बसल्यावर पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाका, 'साईट बंद नव्हती. फॉर्म माझ्याकडून राहिला. सबमिट झालाय का ते मी बघितलं नाही, आणि तुम्हाला खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही.' मग गप्प बसा. शिक्का उशिरा मिळाला, नेट नव्हतं, यातलं काही तिथे काढायचं नाही, ते तुमच्या वहीतल्या गोलासाठी आहे, त्यांच्या ओसरीसाठी नाही. एका जिल्ह्याच्या नवोदयला जागा ऐंशी आणि परीक्षेला बसणारी पोरं हजारोंनी, त्यामुळे फॉर्म गेला असता तरी नंबर लागलाच असता असं नाही, हे खरं आहे, स्वतःला सांगा, पण त्या बापाला सांगू नका. आणि रडू आलं तर येऊ द्या पण माफ करा माफ करा करत बसू नका, नाहीतर त्यांना स्वतःचा राग बाजूला ठेवून तुमचीच समजूत काढत बसावं लागतं. ते रागावतील. रागावू द्या. कदाचित मुख्याध्यापकांकडे जातील, तीही तयारी ठेवा, त्याआधी तुम्हीच मुख्याध्यापकांना सांगून ठेवलंत तर बरं.

मुलालाही सांगायचं, त्याच्या भाषेत. त्यानं तुम्हाला सरळ प्रश्न विचारला होता आणि तुम्ही बहुतेक त्याच्या डोक्यावरून हात फिरवून निघून गेलात. त्याला म्हणा, लागला असता की नाही ते मला माहीत नाही रे, पण तुला बसायला मिळायला हवं होतं, ते माझ्यामुळे राहिलं. अकरा-बारा वर्षांच्या पोराला हे कळतं. न सांगितलं तर तो काय समजत असेल माहितीये? आपणच कमी पडलो, बाईंनी मुद्दाम आपलाच फॉर्म ठेवला. म्हणजे जो वाकडा विचार तुम्ही स्वतःबद्दल करताय तोच त्याच्याही डोक्यात रुजायला लागायचा.

त्याचं आयुष्य मी वाया घालवलं असंही एक वाक्य मूळ पत्रात आहे. हे मात्र खरं नाही, आणि तुम्ही शिक्षिका असून हे लिहिलंत याचं मला जरा आश्चर्य वाटलं. नवोदयला नववीतही रिकाम्या जागांसाठी परीक्षा होते, आठवीत असताना फॉर्म भरायचा असतो, जागा थोड्या असतात पण असतात. पुढे स्कॉलरशिप परत आहे. एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे, आठवीत परीक्षा, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर बसता येतं, निवड झाली आणि पुढच्या अटी पाळल्या तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, सातवीला मार्क मात्र बरे लागतात. तो आता सहावीत आहे, म्हणजे तुमच्या हातात दोन वर्षं आहेत. तुमची शाळा सातवीपर्यंत, आठवीला तो हायस्कूलला जाईल, तिथे या तारखा त्याला कुणी सांगेलच असं नाही, तर ते तुम्ही धरून ठेवा. वडिलांकडे जाल तेव्हा हेही एका कागदावर लिहून न्या, पण आधी कबुली, मग कागद, उलटं केलंत तर तो कागद म्हणजे लाच वाटेल.

आणि पाचवी सोडलीत त्याबद्दल मला तुमच्याशी थोडं भांडायचंय. तुम्ही स्वतःला शिक्षा दिलीत, ठीक, पण ती भोगतंय कोण? त्या मुलाला त्यातून काय मिळालं? काही नाही. यंदाच्या पाचवीच्या पोरांचा सकाळचा तास मात्र गेला. ज्या बाईंना वर्ग दिलात त्या चांगल्या असतील, पण फॉर्म नेमका कुठे अडकतो, सर्टिफिकेटवर कोणाकोणाच्या सह्या लागतात, फायनल सबमिट राहिलं तर स्क्रीनवर काय दिसतं, हे या घडीला तुमच्या शाळेत तुमच्याइतकं कुणालाच माहीत नसेल, त्यासाठी तुम्ही आणि त्या पोरानं जबर फी भरलीय. ती वाया का घालवताय? वर्गवाटप आता वर्षाच्या मधे बदलता येत नसेल तर निदान फॉर्मचं काम मागून घ्या. भिंतीवर यादी लावा, नाव, सर्टिफिकेट, सही, शिक्का, अपलोड, सबमिट, प्रिंट, प्रत्येक रकान्यात तारीख घाला आणि प्रिंट हातात आल्याशिवाय शेवटच्या रकान्यात टिक करायची नाही. शेवटच्या तारखेच्या आठ दिवस आधीची तारीख हीच शेवटची तारीख असं सगळ्यांना सांगून टाका.

सत्काराला पुन्हा बोलावलं, आणि बोलावतील, तर जा. तिथे 'माझं काहीच नाही' असं म्हणू नका, ते खोटं आहे, नुसतं खरं तेवढं बोला, आम्ही वर्षभर सकाळी नऊचा तास घेतला, मुलं आली, पालकांनी पाठवली. झालं, खाली बसा.

झोपेचं मात्र अंगावर काढू नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त झोप उडालीय, कशातच मन लागत नाही, जेवण जात नाही असं असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा, किंवा १४४१६ ला फोन करा, टेली मानस म्हणून सरकारी सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालीय, पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. रात्री तीनला जाग आली तर त्या वेळीसुद्धा लावता येतो. आणि जगणंच नको असा विचार मनात कधी चमकून गेला असेल तर मग थांबूच नका, आजच लावा आणि मिस्टरांनाही सांगा.

सगळं एकदम करायला जाऊ नका. वहीतले गोल या रविवारी काढा, मुख्याध्यापकांशी सोमवारी बोला, आणि त्या घरी त्याच आठवड्यात जाऊन या, दिवाळीपर्यंत ढकलू नका, ढकलण्याची सवय आपण नोंदीत लिहिलीच आहे. जाऊन आलात की मला कळवा वडील काय म्हणाले ते. फार बोलले, दारातूनच परत पाठवलं, तरी कळवा, मग पुढे काय करायचं ते आपण बघू.

तुमची,
सदर लिहिणारी ताई